चापावरचं बोट

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक लाकूड ठेवलेलं आहे. शिसवीचं, हातभर लांब आणि मधोमध बाक आलेलं. नवा पाहुणा ते उचलतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "हे काय आहे? नांगराचा तुकडा का?" बंदुकीचा दस्ता आहे असं सांगितलं तरी त्याला पटत नाही. बंदुकीचा दस्ता सरळ असतो, हा वाकडा आहे. आज या वाकड्या दस्त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट माझ्या मामूंची, पण ती सांगताना अकबर बादशहापासून बालेवाडीच्या रेंजपर्यंत फिरून यावं लागेल. कारण त्यातला प्रश्न जुना आहे. ज्याचं शरीर चारचौघांसारखं नाही, त्यानं हत्यार कसं निवडायचं?

सुरुवातीलाच सांगतो, मी शिकारी नाही. आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार आवळत आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरच्या हौशी शिकारीचा उरलासुरला दरवाजाही बंद केला. ते योग्यच झालं. तेव्हा हे शिकारीचं कौतुक नाही. एका माणसानं स्वतःच्या मापाची वस्तू मिळवण्यासाठी काय केलं, त्याचा हा हिशेब आहे.

माझं आजोळ चाकणजवळचं. आज तिथं रात्रभर कारखान्यांचे दिवे जळतात आणि मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रकांनी रस्ता अडलेला असतो. मामूंच्या तरुणपणी तिथं बाजरी, भुईमूग आणि कांदा होता. भुईमुगाच्या शेंगा धरल्या की रानडुकरं यायची. एका रात्रीत एकरभर शेत नांगरल्यासारखं करून जायची. माझ्या आजोबांकडे, म्हणजे नानांकडे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोअरची बंदूक होती. रानडुकराचं मांस आमच्या घरात निषिद्ध. त्यामुळं डुक्कर मारायचं नानांनी आणि हंडी शिजायची शेजारच्या आळीत. बदल्यात भाजीपाला यायचा, दिवाळीचा फराळ यायचा. नाना थकल्यावर बंदूक मामूंच्या हातात आली.

काडतुसं मात्र फार लांबची नव्हती. त्यांच्या पितळी बुडावर के. एफ. अशी अक्षरं असायची. के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी. इंग्रजांनी ती १८६९ मध्ये उभी केली. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडलं आणि ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली. खडकीच्या पुढं दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. या लोकलच्या मार्गालगत १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला आणि साठच्या दशकात एमआयडीसी आल्यावर माळरानावर शेडच शेड उभ्या राहिल्या. चाकणची तरुण पोरं सायकलींवरून आणि एसटीनं तिकडं कामाला जाऊ लागली. मामूही गेले. एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागले. पायानं पॅडल दाबायचं, वरून साचा खाली येणार, तेवढ्यात हातानं पत्रा सरकवायचा. दिवसाला हजारो वेळा तेच. १९७१ च्या एका पाळीत पाय आधी पडला, हात मागं राहिला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

बोटांचाही सरकारदरबारी भाव असतो, हे मामूंना तेव्हा कळलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तो तक्ता. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. पूर्ण मधलं बोट गेलं तर १२ टक्के. आणि एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. चौदा नि बारा सव्वीस होतात, असं मामू म्हणायचे, पण दोन्ही एकदम दिली म्हणून घाऊक भाव लागला!

पैशापेक्षा जास्त लागलं ते नाव. चाकणच्या माणसाला बंदूक आणि बोटं यांचा इतिहास शाळेत जाऊन शिकावा लागत नाही. गावात संग्रामदुर्ग उभा आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढं फिरंगोजी नरसाळ्यानं तो सुमारे ५५ दिवस झुंजवला. अखेर मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला. पुढं १६६३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या लाल महालात शिवाजी महाराजांनी त्याच खानाची बोटं छाटली. ही गोष्ट आपल्याकडं पोराटोरांना पाठ असते. त्यात मामूंचं नाव मुसलमानी, गाव चाकण आणि बोटं उजव्या हाताची. पट्टी सुटून ते कामावर गेले त्या दिवशी कुणीतरी हाळी दिली, "या, शाहिस्तेखान!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हाक मारणाऱ्यांच्या मनात विष होतं असं मी म्हणणार नाही. त्यातलेच दोघे डबा घेऊन दवाखान्यात रोज येत होते. मामूही हसून ओ द्यायचे. पण घरी आल्यावर माझ्या अम्मीला एकदा म्हणाले होते, "खानाची बोटं लाल महालात गेली, माझी प्रेसमध्ये. खानाला मागाहून बंगालची सुभेदारी मिळाली. मला वीस टक्के." हे खरंच आहे. लाल महालानंतर औरंगजेबानं खानाला बंगालमध्ये पाठवलं. १६६६ मध्ये त्याच्या सुभेदारीत मोगलांनी चितगाव जिंकलं आणि पुढं बरीच वर्षं तो तिथं कारभार करत राहिला. ढाक्याच्या इतिहासात तो इमारती बांधणारा सुभेदार आहे. आपल्या इतिहासात तो फक्त बोटं आहे. माणसाच्या अंगातलं जे गेलं, तेच त्याचं नाव होऊन बसतं, हे मला मामूंच्या त्या नावानं शिकवलं.

बरे झाल्यावर मामूंनी बंदूक खाली काढली. उजव्या हाताला चाप ओढायला बोट नव्हतं. अनामिकेनं ओढायला गेलं की मूठ सैल पडायची आणि नळी हलायची. मग बंदूक डाव्या खांद्याला लावून डाव्या तर्जनीनं चाप ओढायचा, हा सरळ उपाय. पण मामूंचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. बंदूक डाव्या खांद्यावर आणि नजर उजव्या डोळ्यात, असा पेच पडला. नळीच्या टोकावरची माशी आणि डोळा एका रेषेत येईनात.

दुसरा पेच वेगाचा. बारा बोअरची बंदूक छऱ्यांची. तिचा खरा मारा पस्तीस-चाळीस मीटरपर्यंतच. डुक्कर तेवढं जवळ येतं तेव्हा ते पळत असतं आणि बंदूक क्षणात उचलून, फिरवून, उडवावी लागते. त्याला दोन चपळ हात लागतात. मामूंनी विचार केला, की आपल्याला आता चपळाई जमणार नाही, निवांतपणा जमेल. म्हणजे रायफल हवी. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यामुळं गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. बांधावर पोतं ठेवायचं, त्यावर नळी टेकवायची आणि दीडशे पावलांवर शेंगा उकरणाऱ्या डुकरावर सावकाश नेम धरायचा.

त्या काळी साध्या माणसाच्या आवाक्यातली रायफल म्हणजे .३१५ बोअरची, सरकारी कारखान्यात बनलेली. या .३१५ ची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांना आपलं लष्करी .३०३ काडतूस हिंदुस्थानी माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. म्हणून शिकारीसाठी वेगळ्या मापाचं काडतूस चालू झालं. स्वातंत्र्यानंतरही लष्करी मापं नागरिकांना बंदच राहिली आणि .३१५ टिकून राहिली. म्हणजे निवड करायला लागण्याआधीच अर्धी निवड कायद्यानं केलेली होती.

मामूंनी ओळखीच्या एका शिकाऱ्याची रायफल त्याच्या देखत हाताळून पाहिली आणि कागदावर मुद्दे लिहिले. तो कागद मी पाहिलेला आहे. वहीचं पान, त्यावर चार ओळी. पहिली ओळ डोळ्याची. दुसरी खांद्याची. तिसरी बोल्टची. रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूला असतो, डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला तो आडवा येतो. परदेशात डाव्या बोल्टच्या रायफली बनत होत्या, आपल्या दुकानात नव्हत्या. पण मामूंच्या लक्षात एक गोष्ट आली. नळी पोत्यावर टेकवली की उजवा हात मोकळा राहतो, आणि अंगठा व अनामिका यांच्या चिमटीत बोल्टची मूठ धरून तो मागंपुढं करता येतो. सगळ्यांना अडणारी गोष्ट त्यांच्या सोयीची ठरत होती.

चौथी ओळ वजनाची. गोळी जितक्या जोरानं पुढं जाते, तितकीच बंदूक मागं ढकलली जाते. बंदूक जड असेल तर धक्का कमी बसतो. तीच गोळी दुप्पट वजनाच्या बंदुकीतून सोडली तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. पण जड बंदूक अधू हातानं उचलायची कशी? हलकी घ्यावी तर खांदा सोलतो, जड घ्यावी तर हात पेलत नाही. आज अमेरिकेत अपंग शिकाऱ्यांसाठी नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारी जाळी, घडीचे पाय आणि ओठांनी नळीत फुंकर घातली की चाप ओढणारी यंत्रं मिळतात. काही राज्यांत उभ्या गाडीतून नेम धरायचा खास परवानाही मिळतो. तिथल्या माणसाचंही पहिलं कोडं वजन आणि धक्का हेच असतं. मामूंनी ते पोत्यानं सोडवलं. वजन पोत्यानं पेलायचं, धक्का खांद्यानं.

आणि कागदाच्या तळाशी एक वाक्य होतं: शंभर पावलांच्या पुढे नाही. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. रायफलीची गोळी दोनशे मीटर जायलाही सेकंदाचा तिसरा हिस्सा घेऊ शकते. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं आणि गोळी काळजाऐवजी पोटात बसते. जखमी डुकराचा अंधारात माग काढणं हे धडधाकट माणसालाही जड. मामू म्हणायचे, "ज्याच्या मागं आपल्याला जाता येणार नाही, त्याच्यावर गोळी झाडू नये." लांब पल्ल्याची रायफल त्यांना लांबून मारण्यासाठी नको होती. तिच्यामुळं सावकाशी मिळते, म्हणून हवी होती.

परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला बोलावलं. समोरच्या साहेबांनी कागदाकडं पाहिलंच नाही, हाताकडं पाहिलं. "बोटं नाहीत आणि रायफल कशाला?" एवढंच विचारलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या चौदाव्या कलमात परवाना नाकारण्याची कारणं आहेत. त्यात, कोणत्याही कारणानं अर्जदार अयोग्य वाटला तर, अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या 'अयोग्य' या शब्दात काय काय मावतं, ते ठरवणाऱ्यावर असतं. बंदुकीचा परवाना देताना कडक असावंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या माणसानं आपल्या हाताचा इतका बारीक विचार केला होता, त्याला एका शब्दानंही विचारलं गेलं नाही की बाबा, तू नेम कसा धरणार आहेस? मामूंना तेवढंच बोचलं.

आता इतिहासाकडं वळू. टेकू घेऊन नेम धरणं हे आज कमीपणाचं मानतात. पण बंदूक जन्मली तीच टेकूवर. युरोपातला सोळाव्या-सतराव्या शतकातला शिपाई जड बंदुकीबरोबर दुबेळक्याची काठी घेऊन चालायचा आणि नळी तिच्यावर ठेवायचा. अफगाणांच्या लांब जेझैल बंदुकीलाही असाच टेकू असे. मोगल चित्रं पाहा. शिकारीला बसलेला बादशहा किंवा शहजादा नळी कधी टेकूवर, तर कधी सेवकाच्या खांद्यावर ठेवून नेम धरताना दिसतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं हा आपल्याकडचा टोमणा, पण एके काळी ती नेमबाजीची रीत होती. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव होतं संग्राम. आमच्या चाकणच्या किल्ल्याचंही नाव संग्राम, हा योगायोग मामूंना फार आवडायचा. अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त संग्रामचा उल्लेख केला आहे आणि चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडावर गोळी झाडली गेली ती याच बंदुकीतून, असं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. बादशहाच्या बंदुका त्याच्या नजरेखाली घडत, तपासल्या जात, सुधारल्या जात. बादशहाला कुणी सांगितलं नसेल, की महाराज, ही बंदूक अशीच असते, तुम्ही हात बदला.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बंदूकवाल्यांनी हीच कला धंद्याच्या पायरीवर नेली. शिंप्याकडं कोटाचं माप द्यावं तसं गिऱ्हाईक बंदुकीचं माप द्यायचं. त्यासाठी सगळीकडून कमीजास्त होणारी मापाची बंदूक असायची. ज्याचा एक डोळा गेला असेल त्याच्यासाठी ते दस्ता असा वाकवायचे, की बंदूक एका खांद्यावर आणि नळी दुसऱ्या डोळ्यासमोर. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटचे रणजी, यांचा उजवा डोळा १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये शिकारीच्या वेळी सोबत्याच्या बंदुकीचा छर्रा लागून गेला. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या डाव्या डोळ्याची नजर मुष्टियुद्धाच्या सरावात गेली होती. तरी १९०९ मध्ये ते आफ्रिकेत मोठ्या शिकारीला गेले ते तऱ्हेतऱ्हेच्या रायफली आणि चष्म्यांचे जादा जोड घेऊनच. श्रीमंताचं व्यंग बंदूक सांभाळून घ्यायची. शिपायाचं तसं नव्हतं. ली-एनफिल्ड रायफलीला आखूड, मध्यम, लांब असे दस्ते मिळत, पण बोल्ट उजवीकडंच. डावखुऱ्या शिपायानं उजव्या खांद्याची सवय करायची. आणि प्रेसवरच्या कामगाराला तर कुणी मापच विचारलं नाही. यंत्र आहे तसंच राहणार, हात त्याच्या मापात बसला पाहिजे. नाही बसला तर तक्ता आहेच.

मामूंना लंडनचे बंदूकवाले ठाऊक नव्हते. त्यांना गावचे सुतारअण्णा ठाऊक होते. १९७२ च्या उन्हाळ्यात, रायफलीचा नाद सुटल्यावर, ते जुनी एकनळी घेऊन अण्णांकडं गेले. अण्णांनी त्यांना ओट्यावर बसवलं, डाव्या खांद्याला फळी लावली, उजव्या डोळ्यासमोर दोरी धरली आणि कोळशानं खुणा केल्या. म्हणाले, "डोळा तिकडं आणि खांदा इकडं, तर लाकूड मधून वळलं पाहिजे. बैलाच्या मानेप्रमाणं जू कोरतो, तसं तुझ्या मानेप्रमाणं हे कोरू." आठ दिवसांनी शिसवीचा दस्ता तयार झाला. जे लंडनच्या कारागिरांनी सरदार-उमरावांसाठी केलं, ते चाकणजवळच्या एका सुतारानं दोरी आणि कोळशाच्या जोरावर केलं. मजुरी घेतली नाही. डुकरांनी त्याचाही भुईमूग खाल्ला होता.

एकगोळी काडतूस घालून मामूंनी बांधावरच्या मडक्यावर पहिला बार काढला. मडकं फुटलं. त्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही. १९७२ चा दुष्काळ वाचणाऱ्यांना आठवत असेल. विहिरीवरच्या चार वाफ्यांत जे हिरवं होतं, तिथंच सगळी डुकरं उतरायची. मामूंनी मडक्यांवर हात बसवला, पोत्यावर नळी टेकवून त्यांनी चाळीस पावलांवर एक डुक्कर मारलं. एकच. सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गावात बातमी आली तेव्हा मामूंनी बंदूक भिंतीला लावली, ती पुन्हा शिकारीसाठी काढली नाही.

त्याच वर्षी, त्याच ऑगस्टमध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये एका मराठी जवानानं ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. ते सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग गेला. पुढं त्यांनी आपल्या याच पट्ट्यात, टेल्कोत नोकरी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांच्यावरचा सिनेमा आला, तेव्हा कुठं पिंपरी-चिंचवडच्या पोरांना कळलं, की आपल्या शेजारच्या रस्त्यावरून कोण जात होतं.

हायडेलबर्गला नेमबाजी नव्हती. ती पॅरालिम्पिकमध्ये आली १९७६ मध्ये, टोरांटोला. त्याआधी एका हंगेरियन सैनिकानं वाट दाखवली होती. कॅरोली ताकाच हा पिस्तुलाचा नामांकित नेमबाज. १९३८ मध्ये त्याच्या उजव्या हातात ग्रेनेड फुटला. त्यानं डावा हात तयार केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, धडधाकट नेमबाजांच्या स्पर्धेत, सुवर्णपदक घेतलं. पण ताकाचनं हात बदलला, पिस्तुलानं नव्हे. टोरांटोनंतर नियमांनी उलटा प्रवास सुरू केला. आता पॅरा नेमबाजीत मुख्य दोन गट आहेत. ज्यांना रायफलीचं वजन हातांनी पेलता येतं ते एका गटात. ज्यांना येत नाही ते दुसऱ्या गटात. या दुसऱ्या गटाला स्प्रिंगचा स्टँड मिळतो, तो रायफलीचं वजन घेतो. नेम आणि चाप माणसाचा. म्हणजे मामूंचं पोतं आता नियमांच्या पुस्तकात बसलं आहे.

जयपूरच्या अवनी लेखरानं चाकाच्या खुर्चीत बसून टोकियोत, २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धेत, १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला ते राखलं. टोकियोत आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर चौथा आला. चौथ्याचं नाव लवकर विसरलं जातं, म्हणून मुद्दाम घेतो.

बंदुकीचं काय झालं तेही सांगतो. वय झाल्यावर मामूंनी परवाना आणि बंदूक रीतसर जमा केली. जमा करण्याआधी अण्णांचा दस्ता काढून नानांच्या वेळचा सरळ दस्ता परत बसवला. म्हणाले, "बंदूक सरकारची झाली. लाकूड माझ्या मापाचं आहे, ते कुणाच्या कामाचं?" त्यांच्या मागं तो दस्ता माझ्याकडं आला.

मागं एकदा मी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज पाहायला गेलो, तेव्हा तो पिशवीत घेऊन गेलो होतो. सरावाला आलेली मुलं आपापल्या एअर रायफली जुळवत होती. आजच्या रायफलीचा दस्ता म्हणजे नुसते स्क्रू. गालाखालची पट्टी वर-खाली, खांद्याची पट्टी मागं-पुढं, हवी तेवढी तिरकी. दहा मीटरच्या एअर रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, तेवढ्यात ज्यानं त्यानं आपला तोल साधायचा. चाकाच्या खुर्चीत बसलेली भोसरीची एक मुलगी स्क्रू पिळत होती. मी दस्ता बाहेर काढला. तिनं तो हातात घेतला, उजव्या खांद्याला लावला, नाही बसला. डाव्या खांद्याला लावला, मान किंचित वळवली आणि उजव्या डोळ्यानं समोर पाहिलं.

इतकी वर्षं माझ्या घरी येणारा प्रत्येक जण, हे काय आहे, असं विचारत आला. तिनं तसं विचारलं नाही. ती म्हणाली, "काका, हा कुणाच्या मापाचा आहे?"

मी तिला मामूंचं नाव सांगितलं. शाहिस्तेखान नव्हे, खरं नाव.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)